आठ बर्गर, बारा मिनिटं

"पावात पॅटी ठेवायला कसली आलीये अक्कल?" असं फोरमन जेवताना म्हणाले आणि घरातल्या सगळ्यांचा पुढचा रविवार तिथेच कामाला लागला.

खरं तर फोरमन आता फोरमन राहिले नव्हते. पंख्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं जोडणी विभाग सांभाळून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. पण घरीदारी सगळे अजून त्यांना फोरमनच म्हणत आणि तेही अजून डाव्या हाताची तर्जनी नाचवतच बोलत.

विषय होता मुलीच्या लग्नाचा. मुलगी दातांची डॉक्टर. सकाळभर लोकांना अरबटचरबट खाऊ नका म्हणून बजावायची आणि दुपारी दवाखान्यासमोरच्या बर्गरच्या दुकानात जाऊन बसायची. तिथल्या मॅनेजरशी तिचं जमलं. मुलगा शिकलेला, शांत, निर्व्यसनी. नावं ठेवायला जागाच नव्हती, म्हणून फोरमननी त्याच्या कामाला नावं ठेवली. माणसाने काहीतरी घडवावं, असं त्यांचं म्हणणं. लोखंड, लाकूड, गेला बाजार चामडं तरी. हा काय घडवतो?

"बाबा, गर्दीच्या वेळी तो तासाला तीनशे बर्गर बाहेर काढतो. सगळे एकसारखे."

"मी तासाला साठ पंखे काढायचो. पंख्याला मोटर असते, म्हटलं."

"मग काढून दाखवा. आठ बर्गर, बारा मिनिटांत. सगळे गरम आणि दुकानात मिळतात अगदी तसे."

फोरमनच्या डोळ्यांत चमक आली. निवृत्तीनंतर त्यांना कुणी किती नग, किती वेळात, असं सांगितलंच नव्हतं. अट तिथल्या तिथे ठरली. जमलं, तर मुलीने मॅनेजरचा विषय कायमचा सोडायचा. नाही जमलं, तर फोरमननी त्याच्याशी लग्नाची बोलणी करायची. रविवारी एक वाजता तो जेवायला येणारच होता, त्याला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, असंही ठरलं. मुलगी निश्चिंत होती, कारण बापाने आजवर स्वयंपाकघरात केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे गळका नळ बदलणं. बायकोने आपल्या ओट्यावर असल्या पैजा चालणार नाहीत असं सांगून पाहिलं, पण तिचं ऐकायच्या मनःस्थितीत दोघंही नव्हती.

शुक्रवारी फोरमननी नमुना म्हणून दुकानातून एक बर्गर आणला. तो त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून सुटा केला, कपाटातून व्हर्नियर काढला आणि एकेक थर मोजून वहीत उतरवला. वरचा बन, सॉस, सॅलडची बारीक चिरलेली पानं, कांदा, व्हिनेगरमधल्या काकडीची चकती, चिकनची पॅटी, खालचा बन. पॅटीचा व्यास एकशे पाच मिलिमीटर, जाडी अकरा. मग घरातली सगळी झाकणं मोजून त्यांनी बरोबर एकशे पाचचं एक हुडकून काढलं आणि शनिवारी त्याने खिम्याच्या आठ चकत्या पाडल्या. त्यांत तसूभरही फरक नव्हता.

"एवढ्याच करायच्या?" बायकोने विचारलं.

"ड्रॉइंगप्रमाणे," फोरमन म्हणाले.

आता पंख्याचं पातं जोडणीआधी जेवढं असतं तेवढंच जोडणीनंतरही असतं. चौतीस वर्षांत ज्यांच्या हाताखालचा एकही भाग आकसला नव्हता, त्यांना शिजल्यावर मांस आकसतं ही शंका तरी कुठून यावी? नमुना शिजलेला होता आणि माप त्याचं होतं, एवढीच काय ती चूक. ती त्यांनी आठ वेळा अत्यंत काटेकोरपणे केली होती.

रविवारी पाऊण वाजता लाइन उभी राहिली. तव्यावर बायकोचा धाकटा भाऊ होता. त्याला अंडं तळता येत असल्यामुळे त्याची नेमणूक झाली होती. शेजारच्या शेगडीवर बायको बन भाजणार होती. स्वयंपाकघरात चौघं मावत नव्हती, म्हणून दारात इस्त्रीचं टेबल आडवं टाकून त्यावरून माल हॉलमध्ये सरकवायचा होता. तिथे जेवणाच्या टेबलाशी मुलगी थर लावणार. ती विरुद्ध पक्षाची, पण कामात कुचराई करणार नाही असं तिने कबूल केलं होतं. सगळ्यांत शेवटी कागदात गुंडाळायला फोरमन, गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच. त्यांनी शिट्टी वाजवली.

पहिली दोन मिनिटं दृष्ट लागण्यासारखी गेली. तव्यावर चार पॅटी चरचरत होत्या, बन सोनेरी होऊन इस्त्रीच्या टेबलावरून येत होते, मुलगी सॉस लावत होती. मग मेहुण्याचा बारीक आवाज आला.

"भावजी, ह्या लहान होतायत."

"लहान म्हणजे?"

"म्हणजे मघापेक्षा. आणि मध्ये फुगतायत."

फोरमन व्हर्नियर घेऊन धावले. अठ्ठ्याहत्तर. त्यांनी दुसरी मोजली, तीही अठ्ठ्याहत्तर. एवढ्या संकटातही चारही सारख्याच आकसल्या याचं त्यांना क्षणभर बरं वाटलं. पण बन एकशे दहाचा आणि त्यावर ही एवढीशी पॅटी, असा माल दुकानातला म्हणून खपणार नव्हता. त्यांनी लाइन थांबवली. म्हणजे शिट्टी वाजवून थांबा असं सांगितलं. पण बायकोच्या तव्यावर बन होते आणि ते शिट्टीवर थांबेनात. तिने ते भाजून पुढे ढकलले, मागून आणखी ढकलले. इस्त्रीच्या टेबलावर अर्ध्या पावांचा ढीग साचला आणि गार होऊन कडक व्हायला लागला.

इकडे वेळ भरून काढावा म्हणून मेहुण्याने गॅस मोठा केला. सुटलेली चरबी तव्याच्या कडेने खाली ओघळली, जाळ वर आला आणि घरभर धूर झाला. बायकोने खिडक्या उघडल्या, बाहेरचं दार उघडलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा फोरमननी हॉलमधला पंखा पाचावर केला.

पंखा त्यांच्याच कारखान्याचा होता. तो कसा आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. टेबलावरची बारीक चिरलेली सॅलडची पानं एकदमच उठली, हॉलभर फिरली आणि पडद्यांवर, टीव्हीवर, फोरमनच्या चष्म्यावर आणि नुकत्याच दारात येऊन उभ्या राहिलेल्या मॅनेजरवर बसली.

तो नऊ मिनिटं आधी आला होता. वेळेआधी येणं हा एरवी फोरमनच्या लेखी मोठा गुण. त्या घडीला मात्र त्यांना धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

मॅनेजरने खांद्यावरचं पान उचललं, तव्याकडे पाहिलं, पावांच्या ढिगाकडे पाहिलं. कुणालाही काही न विचारता त्याने आधी पंखा बंद केला, गॅस बारीक केला आणि कोपरापर्यंत हात धुतले.

"किती ऑर्डरी अडकल्यात?"

"आठ," फोरमनच्या तोंडून निघून गेलं.

"वेळ किती आहे?"

"सहा मिनिटं."

"मग होतील."

मुलीच्या ओठांवर सगळं आलं होतं, पण ठरलं म्हणजे ठरलं. बोलायला हवं होतं ते फोरमननी, आणि ते गप्प राहिले. मॅनेजरने उरलेल्या चार कच्च्या पॅटी तव्यावर टाकून पातेल्याच्या बुडाने दाबल्या, पावापेक्षा चांगल्या बोटभर मोठ्या होईपर्यंत. आधीच्या फुगलेल्या चार त्याने पोटातून आडव्या चिरल्या आणि दोन-दोन तुकडे शेजारी मांडून बन झाकून टाकले. मेहुण्याला त्याने खाली न पडलेलं सॅलड निवडायला बसवलं. काकडीच्या चकत्या मोजून घेऊन मुलीला दिल्या.

"काका, तुम्ही कागदावर. बन कडक झालेत, म्हणून घट्ट गुंडाळायचं आणि मिनिटभर हात लावायचा नाही. आतल्या वाफेने मऊ होतात."

फोरमनना गेल्या वीस वर्षांत असा हुकूम कुणी सोडला नव्हता. त्यांनी निमूटपणे गुंडाळायला घेतलं, आणि नवल म्हणजे त्यांना ते आवडलं. लाइन चालली होती. कुणी कुणाला आडवं येत नव्हतं, कुणाचे हात रिकामे नव्हते. आठवं पुडकं टेबलावर आलं तेव्हा अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाली होती.

मेहुण्याने टाळी वाजवली आणि कुणी साथ देत नाही हे पाहून हात खाली घेतले. मुलीचा चेहरा उतरला होता.

"जिंकलात," बायको फोरमनना म्हणाली. "आता त्याने तुम्हाला कशात मदत केली, ते तुम्हीच सांगा त्याला."

फोरमननी सांगितलं. आडवळण न घेता, तर्जनी न नाचवता सांगितलं. मॅनेजर हातातल्या फडक्याची घडी घालत ऐकत राहिला.

"आधी सांगितलं नाहीत ते बरं केलंत," तो म्हणाला. "हात थरथरले असते."

"आधी सांगितलं असतं, तर केली असतीत मदत?"

त्याने जरा विचार केला. "केली असती, काका. आठ ऑर्डरी अडकल्या होत्या."

फोरमनच्या हाताखालून आजवर शेकडो माणसं गेली होती. लाइन अडली की घड्याळाकडे बघणारी पुष्कळ. लाइनकडे बघणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतलाच एक आज समोर उभा होता आणि आपण त्याला वाटेला लावायला निघालो होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण दिलेला शब्द फिरवणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. फक्त तपासणी अजून व्हायची होती, आणि ती त्यांच्याच हातात होती.

त्यांनी आठवं पुडकं सोडलं आणि वरचा बन उचलला. काकडीची चकती जागच्या जागी होती. त्यांनी ती अंगठ्याने हळूच पॅटीखाली सारली.

"यात चकती नाही," ते म्हणाले. "हा नग बाद. सातच झाले. मी हरलो."

मुलीने बापाकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजर मात्र पुढे वाकला.

"काका, चकती आहे. आठही मी मोजून दिल्यात. खाली सरकली असेल. बघू, मी काढून दाखवतो."

"मी बाद म्हटलं की बाद."

"पण कारण नसताना चांगला नग बाद कसा करायचा?"

मुलीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो फक्त थोडा बाजूला सरकला, कारण त्याचं सगळं लक्ष पॅटीत होतं. शेवटी तिने बापाच्या हातातून बर्गर काढून घेतला आणि दातांच्या डॉक्टरला शोभेल असा मोठा घास तोडला.

"झालं," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "आता सातच आहेत."

फोरमननी ठरल्याप्रमाणे बोलणी सुरू केली. मॅनेजरच्या आईवडिलांनी पुढच्या आठवड्यात यावं, बाकीचं मोठ्यांनी बसून ठरवावं. याला दोन मिनिटं लागली. उरलेलं सगळं जेवण चकतीवर गेलं. फोरमन ती नव्हतीच म्हणून हटून बसले, मॅनेजर ती कुठे, कशी सरकली असेल हे बशीत कांदा ठेवून दाखवत राहिला. दोघांचेही बर्गर गार झाले.

"तुम्ही कितीही सांगा, चकती नव्हती."

"होती, बाबा," मॅनेजरच्या तोंडून निघून गेलं.

मुलीने मान खाली घातली. बायको उगीचच भरलेल्या पेल्यात पाणी ओतायला लागली. ‘बाबा’ हा शब्द फोरमनना नीट ऐकू आला होता आणि थेट काळजात जाऊन बसला होता. पण तेवढ्यासाठी माघार घेणं त्यांना पटेना.

"नव्हती रे," ते म्हणाले.