शहाण्णव पानांनंतर

"या गावात माझ्याइतकी पुस्तकं कुणाच्याच हातून गेली नसतील!" असं बाइंडरकाका छातीठोकपणे सांगत, आणि त्यात काडीचंही खोटं नव्हतं. वीस वर्षं वाचनालयातली फाटकी पुस्तकं त्यांच्या घरी येत आणि खडखडीत बरी होऊन परत जात. आता हातून गेलेली ही पुस्तकं डोळ्यांखालून गेली होती का, हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर रोग्याचं पोट उघडतो, म्हणून काय रोग्याच्या घरातली भांडणं त्याला ठाऊक असतात?

वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी वाचक मंडळ भरे. प्रत्येकाने नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी मत द्यायचं आणि सध्या काय वाचतोय ते सांगायचं. काका हे सगळं बाहेरच्या बाकावर, मांडीवर गठ्ठा घेऊन ऐकत. आत अकरा खुर्च्या होत्या. एके दिवशी ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी बारावी खुर्ची मांडलीय. या आत!"

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पहिल्याच शनिवारी त्यांनी घसा खाकरून मत दिलं, "नुकतंच एक चरित्र पाहिलं. कागद उत्तम. पण मधे मधे फार सैल आहे."

"क्या बात है!" निवृत्त प्राध्यापक ओरडले. प्राध्यापक हे मंडळाचे सर्वेसर्वा. त्यांनी मान हलवली की दहा माना हलत. त्या हलल्या. काका घरी आले ते जमिनीवरून चार बोटं वरूनच.

ते खाली आले रविवारी दुपारी. काकू खिडकीशी बसून वाचनालयाचं तपकिरी पुस्तक वाचत होत्या. कौटुंबिक कादंबरी, सासू, सून, दोन जावा, सगळं यथासांग.

"अहो, भलतंच रंगलंय हं हे!" काकू म्हणाल्या. "धाकट्या सुनेने कपाट उघडलं आणि किंकाळी फोडली. तर आत काय असेल?"

"झुरळ," काका म्हणाले. संसाराचा तीस वर्षांचा अनुभव.

"प्रेत! पालथं! आणि लगेच इन्स्पेक्टर हजर. मला मेलीला पहिल्यापासून थोरल्या जावेचा संशय होता."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. पान शहाण्णवपर्यंत सासूसुना, सत्त्याण्णवपासून खून! गेल्याच महिन्यात हे तपकिरी पुस्तक आणि एक हिरवी रहस्यकथा एकदमच शिवायला आली होती. छापखाना एक, आकार एक, कागद एक. दोन्ही मधोमध उसवून चार गठ्ठे टेबलावर मांडले होते, तेवढ्यात नळाला पाणी आलं म्हणून काका बादली घेऊन धावले, आणि परत येऊन...

"म्हणजे हे चुकीचं शिवलंय?" काकू म्हणाल्या.

"हळू बोल!"

"अहो, मग सांगून टाका की बाईंना."

"सांगू? आधीच्या बाइंडरने एका पुस्तकाला फक्त कव्हर उलटं लावलं होतं, तर बाईंनी त्याला पुन्हा पायरी चढू दिली नाही. मी तर अख्खं कुटुंब खुनात अडकवलंय! खुर्ची मिळून आठ दिवस नाही झाले अजून!"

"बरं, मग मला खुनी कोण तेवढं वाचू द्या," काकू म्हणाल्या आणि पुस्तक परत ओढून घेतलं.

सोमवारी वाचनालय उघडायच्या आधीच काका दारात उभे. हिरवं पुस्तक गुपचूप न्यायचं, उसवायचं, सरळ करून परत ठेवायचं, असा बेत. पण फळीवर पुस्तक नव्हतं! ते प्राध्यापकांनी नेलं होतं. काका तसेच त्यांच्या घरी गेले.

"शिवण सैल राहिलीय जरा. द्या, संध्याकाळी आणून देतो."

"छे!" प्राध्यापकांनी पुस्तक छातीशी धरलं. त्यांच्या कानावर पेन्सिल होती आणि डोळ्यांत वेगळीच चमक. "आत्ता कुठे मी त्र्याण्णव पानावर आलोय. शनिवारी बोलणार आहे यावर."

शनिवारी प्राध्यापक चाळीस मिनिटं बोलले.

"इन्स्पेक्टर दार ढकलतो. आपल्याला वाटतं, आता खुनी सापडणार! आणि आत? आत सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत बसल्यात! पुढे सव्वाशे पानं त्या घराचं नुसतं रोजचं जगणं. खुनाचं नाव नाही! लेखक खुनी कोण ते सांगतच नाही. का? कारण खुनी आपण सगळेच आहोत!"

दहा माना हलल्या. अकरावी काकांची, तीही हलली, पण थरथरून.

पुढचा महिनाभर हिरव्या पुस्तकाला फळी दिसली नाही. दर शनिवारी "सध्या काय वाचताय?" असं विचारलं की उत्तर एकच. पोस्टमास्तर म्हणाले, सासूबाई म्हणजे काळ. दंतवैद्यबाई म्हणाल्या, कपड्यांच्या घड्या म्हणजे दडपलेली पापं. आपण तर वाचल्यापासून घड्याच घालत नाही. दर दोन-तीन दिवसांनी नवा माणूस पुस्तक नेई आणि काका रोज रिकाम्या फळीकडे बघून घरी परत येत. चोराला लपायला जागा तरी असते. काकांची चोरी नंबरवारीने घरोघर हिंडत होती!

आणि मग बाईंनी जाहीर केलं, "आनंदाची बातमी! लेखक हयात आहेत. पुढच्या शनिवारी स्वतः येताहेत!"

लेखक आले. इस्त्रीचा शर्ट घातलेले बारकेसे म्हातारे गृहस्थ. तीस वर्षांत कुठे बोलावणं आलं नव्हतं, म्हणून पाऊण तास आधीच आले. प्राध्यापकांनी आपलं भाषण पुन्हा केलं, या वेळी पन्नास मिनिटं. लेखकांची भुवई हळूहळू वर चढत गेली.

"ती प्रत बघू जरा," ते म्हणाले.

काकांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. लेखकांनी शहाण्णवावं पान वाचलं. पान उलटलं. पुढचं वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. समोर अकरा चेहरे नुकत्याच लावलेल्या दिव्यांसारखे उजळलेले. एक विझलेला.

"हं," लेखक म्हणाले. "लिहिताना माझ्या मनात असंच काहीतरी होतं खरं."

टाळ्यांचा कडकडाट झाला! बाईंनी डोळे टिपले.

काकांना मात्र राहवेना. लेखक निघाले तसे ते मागोमाग गेले आणि जिन्यात त्यांना गाठून हात जोडले. "साहेब, बाइंडर मी. चूक माझी आहे. माझी खुर्ची गेली तरी चालेल, मी आत जाऊन सगळ्यांना सांगतो. दोन दिवसांत उसवून सरळ करून देतो पुस्तक."

लेखक एक पायरी वर आले आणि दाराकडे बघत हळूच म्हणाले, "माझ्या पुस्तकात खून माळी करतो. दोनशे एकविसाव्या पानावर. तिथपर्यंत आजवर कुणी पोचलेलं नाही. माझी बहीणसुद्धा. तुमचं मात्र अकराजणांनी शेवटपर्यंत वाचलंय."

काकांचे जोडलेले हात खाली आले.

"शिवण पक्की आहे ना?" लेखकांनी विचारलं.

"दगडासारखी."

"मग राहू द्या."