आबासाहेबांची नाकपरीक्षा

लग्नाच्या मुलाकडे न धुतलेली बनियन मागणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या देवासला, आमच्याच गल्लीत, तो राहतो.

आबासाहेब कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त, एकटे. पत्रिकेचं नाव काढलं की त्यांचं डोकं सटकतं. त्यांच्या मते अंगात रोगाशी लढणारी जी जनुकं असतात, ती नवराबायकोची जितकी वेगळी तितकी पोरं निकोप. आणि हा वेगळेपणा घामाच्या वासावरून नाकाला आपोआप कळतो. "नाक झूठ नहीं बोलता, वहिनीसाहेब," हे त्यांचं पालुपद. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही, हेही ते सांगतात, पण जरा खालच्या आवाजात.

मी हसण्यावारी न्यायचे. मग माझ्या केतकीला बघायला सोनकच्छहून मंडळी आली. आधीची स्थळं पत्रिकेपायी फिसकटलेली. हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. वडीलधारं कुणी हवं म्हणून मीच आबासाहेबांना बोलावलं. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय! पोहे-जिलेबी झाली, मुलाची आई खूष दिसत होती, तेवढ्यात हे मुलाला अदबीने म्हणाले, "भिया, दोन दिवस अंगात घातलेली बनियन पाठवून द्या. धुऊ मात्र नका, साबणाने सगळा घोळ होतो."

मुलाच्या आईचा चमचा तोंडाशीच थांबला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यावर तो मुलगा लाजत म्हणाला, "मग मला यांची ओढणी मिळेल?" आता मात्र त्याची आई उठलीच. दुसऱ्या दिवशी नकाराचा फोन आला. केतकी जेवलीसुद्धा नाही.

मी तणतणत आबासाहेबांकडे गेले. म्हटलं, एवढी हौस आहे तर स्वतःच हुंगत बसा, माझ्या लेकीचं का वाटोळं करता?

"मला कुठे वास येतो?" ते म्हणाले. "कोरोनात गेला, तो परत आलाच नाही."

 त्याच कोरोनात त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, गेल्या होत्या.

"आमची पत्रिका जुळत नव्हती," ते म्हणाले. "तरी ती हो म्हणाली. का, तर मी जवळ आलो की तिला बरं वाटायचं. केतकीला तसं कुणी मिळावं, एवढंच होतं माझ्या मनात."

मग त्यांनी कपाटातून गाठ मारलेली पिशवी काढली. आत काकींची शाल होती. वास उडेल म्हणून ते ती उघडतच नाहीत म्हणे. आज त्यांनी गाठ सोडली आणि शाल माझ्यापुढे धरली. "जरा बघता? अजून आहे का?"

मी शालीत तोंड खुपसलं. डांबराच्या गोळ्यांचा नुसता भपकारा आला. कसर लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच घातलेल्या. मला रडू आवरेना.

"आहे," मी म्हटलं. "काकींचाच."

"मग बांधा," ते म्हणाले. "लवकर बांधा."