एक वाचक, मोर्शी

गेल्या महिन्यात मी एका मुलीला वीसपैकी शून्य गुण दिले. घाईगर्दीत नाही की चुकूनही नाही. चांगले दोन दिवस पुरावे गोळा करून, चष्मा पुसून, शांत डोक्याने दिले. माझ्या हातून आजवर झालेल्या चुकांमध्ये इतकी नीटनेटकी चूक दुसरी नाही.

पण आधी ढोक सरांबद्दल सांगायला हवं. ते नसते तर मी आजही त्या शून्याकडे अभिमानाने पाहत बसलो असतो.

ढोक सर आमच्या अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, निवृत्तीला आठ महिने उरलेले. त्यांना भरलेला पेला सरळ तोंडाला लावता येत नाही. कॅन्टीनमध्ये चहा आला की ते गुडघ्यात वाकतात, डोळा चहाच्या पातळीला आणतात, एक डोळा मिटतात आणि मालकाला सांगतात, "आज दोन मिली कमी हाय गा." मालकाने एकदा चिडून काठोकाठ भरून दिला. सरांनी तोही वाकून पाहिला आणि उरलेला अर्धा तास जास्त भरल्याबद्दल त्याला समजावत बसले. चहा गार झाला. तोही बहुतेक त्यांनी मोजला असेल.

त्यांचा दुसरा आजार म्हणजे वाचणं. विज्ञान शाखेत प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही करायची एक जुनी रीत आहे. शिपाई पान उघडून धरतो, आपण सही करतो, शिपाई पान उलटतो. साठ जर्नलं वीस मिनिटांत हा विभागाचा विक्रम माझ्या नावावर आहे. ढोक सर मात्र प्रत्येक पान वाचतात. वाचून सोडून दिलं तरी एक वेळ ठीक, पण ते लक्षात ठेवतात. मग चार दिवसांनी पोरगं लग्नाच्या पंगतीत हातात ताट घेऊन उभं असताना मागून आवाज येतो, "पान सदतीस. तिन्ही रीडिंग सारखे कसे आले?" पोरगं म्हणतं, आले सर. "तिन्ही सारखे आले म्हंजे दोन कॉपी हायेत. पाह्यलं का तू?"

हे 'पाह्यलं का' त्यांच्या तोंडात बसलेलं. यंदा संत्र्याला फळच नाही म्हटलं की, पाह्यलं का? ऊन फार झालंय म्हटलं की, थर्मामीटर पाह्यला का? आमच्या प्राचार्य मॅडम एकदा भाषणात म्हणाल्या की कॉलेजची प्रगती सर्वांनाच दिसते आहे. पहिल्या रांगेत ढोक सर नुसते चुळबुळले, तर मॅडमनी पुढचं वाक्य गाळलं.

अशा माणसाच्या विभागात मी ब्लॉग आणला. अकोल्याला दोन दिवसांची कार्यशाळा होती, जेवण चांगलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी बदललेला माणूस होऊन परतलो. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपला ब्लॉग काढायचा, केलेल्या प्रयोगाबद्दल आपल्या भाषेत लिहायचं, खाली वाचकांनी प्रतिक्रिया द्यायच्या. त्याला अंतर्गत परीक्षेचे वीस गुण: दहा लेखांना दहा, आणि बाहेरच्या वाचकांच्या दहा प्रतिक्रियांना दहा. हे कोष्टक मी स्वतः तयार केलं होतं. त्यात लेख वाचण्याला कुठेच जागा नव्हती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे एकाच्या आलं.

विभागाच्या बैठकीत ढोक सर म्हणाले, "पोरं लिवतीन. मंग वाचनार कोन?"

मी म्हटलं, सगळं जग वाचेल सर. त्यांनी माझ्याकडे चहाच्या पेल्याकडे पाहतात तसं पाहिलं आणि बैठक संपली. त्यानंतर ते ब्लॉगवर जिथे-तिथे तोंडसुख घ्यायचे. आम्ही समजून घेतलं. म्हातारा माणूस, कॉम्प्युटरला घाबरतो.

जग वाचू लागलं. जग म्हणजे मुलांचे मामा, मावश्या आणि चुलतभाऊ. लेख टायट्रेशनचा असो की साबणाचा, खाली 'खूप छान दादा', 'असाच पुढे जा', दोन फुलं आणि जोडलेले हात. मी मोजायचो आणि गुण मांडायचो.

फक्त एका ब्लॉगवर मामा-मावशी नव्हती. फुलवंती कासदेकर ही मुलगी धारणीच्याही पलीकडच्या गावातली. तिच्या गावात फोनला रेंज येण्यासाठी टेकडीवर चढावं लागतं. इथे ती सरकारी वसतिगृहात राहायची. तिच्या लेखांखाली अकरा प्रतिक्रिया होत्या, आणि एकीतही फूल नव्हतं. 'एक वाचक, मोर्शी', 'एक वाचक, अकोट', 'एक वाचक, मूर्तिजापूर'. प्रत्येक प्रतिक्रिया पाच-सहा ओळींची, शेवटी प्रश्न. मला तिथेच वास आला. मोर्शीतला कोणता माणूस संत्री सोडून पाण्याच्या कठीणपणावर प्रश्न विचारतो?

मी वेळा उतरवल्या. अकराही प्रतिक्रिया दुपारी चार ते पाचमधल्या. ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरचं रजिस्टर काढलं. त्या अकराही दिवशी, चार ते पाच, फुलवंतीची सही. झालं. मुलगी स्वतःच्या लेखाला स्वतःच प्रतिक्रिया देते. फसवणूक म्हणून लेखांचे दहाही कापले आणि मी शून्य मांडलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा एकच वाक्य बोलली, मी नाही लिहिलं सर. मी रजिस्टर दाखवलं. तिने आपल्याच सह्या पाहिल्या आणि गप्प झाली. मी त्याला कबुली समजलो. शून्य म्हणजे अंतर्गत परीक्षेत नापास, आणि नापास झालं की वसतिगृहातली जागा जाते. जागा गेली की अमरावतीत खोली घेऊन राहण्याची तिच्या घरची ऐपत नव्हती. शिक्षण तिथेच संपणार, एवढं सरळ होतं ते. हे मला माहीत होतं, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

प्रकरण प्राचार्य मॅडमकडे गेलं. शनिवारी अकरा वाजता सुनावणी; एक वाजता विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार, त्याआधी गुण भरायचे. शनिवार असूनही ढोक सर आले, याचं मला नवल वाटलं. कारण दर शनिवारी साडेदहाच्या एसटीने ते अकोल्याला आपल्या घरी जातात आणि वीस वर्षांत ती गाडी त्यांनी चुकवलेली नव्हती.

मी प्रतिक्रियांच्या छापील प्रती टेबलावर मांडल्या, रजिस्टर उघडलं, तारखांखाली लाल रेघा ओढलेल्या होत्या. दहा मिनिटं बोललो. छान बोललो. फुलवंती भिंतीशी उभी होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती. मॅडमनी तिला विचारलं, काही म्हणायचं आहे का? तिने मान हलवून नाही म्हटलं. घड्याळात पावणेबारा झाले होते. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, एक मिनिट," ढोक सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "इंगोले, पोरीनं लिवलं काय हाय?"

मी म्हटलं, अकरा प्रतिक्रिया.

"प्रतिक्रिया नाई. लेख. पाण्याचा लेख हाय नं तिचा. त्यात काय हाय?"

मी कागद चाळले. माझ्याकडे प्रतिक्रिया होत्या, वेळा होत्या, सह्या होत्या. लेख मी छापलाच नव्हता. पाह्यलं का, असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. ते म्हणाले नाहीत. त्याचा त्रास जास्त झाला.

त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला, हातभर लांब धरला आणि वाचला. 'आमच्या गावच्या हातपंपाचं पाणी आणि कॉलेजच्या नळाचं पाणी मी तपासलं. माझे तिन्ही रीडिंग वेगळे आले. लाल रंग निळा नेमका कधी होतो ते मला कळलं नाही. शेजारच्या मुलीला कळलं. तिने मला तिचा आकडा दिला. मी तो लिहिला नाही.'

कागदाची घडी करून ते म्हणाले, "चौतीस वर्षं झाली शिकवून. मले हे कोनी लिवून दिलं नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, ते ठीक आहे सर, पण प्रतिक्रियांचं काय?

"त्या मी लिवल्या."

मॅडमनी टोपण परत पेनाला लावलं. ढोक सरांच्या पेन्शनचे कागद त्याच टेबलाच्या डाव्या खणात सहीसाठी पडलेले होते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. अंतर्गत गुणांसाठी वरिष्ठ प्राध्यापकाने खोट्या नावाने लिहिलं, असा शेरा त्यावर पडला असता तर पेन्शन हाती यायला आठ महिन्यांची आठ वर्षं झाली असती.

सर मात्र प्रयोगाची कृती सांगावी तसं सांगत होते. फुलवंती रोज चार ते पाच ग्रंथालयात पुढच्या रांगेत बसायची, ते वर्तमानपत्रांच्या रॅकमागच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. त्यांची सही ग्रंथालयात कुणी मागत नाही. टाइप एका बोटाने, म्हणून एका प्रतिक्रियेला पाऊण तास. गावांची नावं एसटीच्या पाट्यांवरची. "माह्यं नाव टाकलं असतं तं पोरगी भ्याली असती. सर वाचते म्हटलं की पोरं खरं लिवत नाई."

पण इतका खटाटोप कशासाठी, मॅडमनी विचारलं. आवाज मऊ झाला होता.

सरांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, सवयीने वाकले, मग तसाच ठेवला. "चार वाजता तास संपते. खोलीवर जाऊन करू काय? शनिवारी अकोल्याले जातो, तं तिथं कुलूप. पोरगा बाहेर, त्याची माय त्याच्यापाशी. खिडक्या उघडतो, झाडाले पानी घालतो, येतो वापस. इथं कोनीतरी आपुन पाह्यलेलं सांगून राह्यलं होतं."

आम्हाला वाटायचं, अकोल्याला घर भरलेलं आहे.

मॅडमनी त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला. त्यांनी तो तिथेच बसून लिहिला, वाचला, एक शब्द बदलला, पुन्हा वाचला. माझा जीव घड्याळात. मॅडमनी तो फायलीला लावला, डाव्या खणाला हात लावला नाही, आणि मला म्हणाल्या, तुमचं ते प्रतिक्रियांचं कोष्टक रद्द समजा. एकाला दहा मिनिटं असताना मी फुलवंतीचे गुण भरले. वीसपैकी अठरा. दोन कशाचे कापले ते विचारू नका. सवय एका दिवसात जात नाही.

बाहेर आलो तर ती जिन्यापाशी उभी होती, आणि ढोक सर तिला रंग बदलताना नीट दिसावा म्हणून चंबूखाली पांढरा कागद कसा ठेवायचा ते स्वतःच्या रुमालाने दाखवत होते. एसटी कधीच गेली होती. मी मध्येच घुसलो. चुकलो म्हणालो. आजपासून तुझा प्रत्येक लेख मी स्वतः वाचीन, खाली माझ्या नावाने प्रतिक्रियाही लिहीन, असं बरंच काही बोललो.

फुलवंतीने सगळं ऐकून घेतलं.

"लिवा नं सर," ती म्हणाली. "फक्त टाकाच्या आंधी ढोक सराले दाखवून घेजा."