घारे सरांचे गडी

घारे सरांच्या मैदानावर कुणालाही मोकळं उभं राहता येत नाही. एकदा शाळा तपासायला साहेब आले होते. कडक इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट, मागे फायली धरलेला शिपाई. खो-खोचा सराव बघत ते कडेला जरा रेंगाळले. घारे सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची बादली त्यांच्या हातात दिली.

"मधली रेघ पुसट झालीया. तेवढी ओढून घ्या. सरळ ओढा."

साहेबांनी ओढली. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, कार्यालयाच्या खिडकीतून हे बघत होत्या. त्यांनी खिडकीच लावून घेतली. साहेब मात्र पांढऱ्या झालेल्या बुटांनी खुशीत परत गेले आणि शाळेला चांगला शेरा मिळाला. घारे सरांचा शेरा वेगळा होता. "गडी बरा हाये. पण रेघ वाकडी काढली."

आमची शाळा सोमाटण्याजवळ, जुन्या हायवेच्या कडेला आहे. मी तिथे गणित शिकवतो आणि घारे सर खेळ शिकवतात. ते जवळच्याच आंबी गावचे. घरची शेती भाऊ बघतो, हे भावाच्या घरामागच्या खोलीत एकटेच राहतात. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं तर "ऱ्हाऊन गेलं" एवढंच सांगतात, चावी घरी राहिली म्हणावं तसं. अंगात बारा महिने किरमिजी रंगाचा ट्रॅकसूट. माझ्या मेव्हण्याच्या लग्नालासुद्धा ते त्याच वेशात आले होते. लग्नकार्याला चेन गळ्यापर्यंत वर ओढतात, तेवढाच काय तो फरक.

त्यांच्या लेखी जगात फक्त गडी असतात. मुलगा गडी, मुलगी गडी, शिपाई गडी. मोठ्या बाई 'मोठा गडी'. मी एकटाच गडी नाही. मी 'गणितवाले'.

"काय गणितवाले, आज पोरांना किती छळलं?" असं ते शिक्षकखोलीत सर्वांदेखत विचारतात आणि सगळे हसतात. मीही हसतो. हसावं लागतं.

शाळेत यांच्या हाताखाली प्रत्येक पोर खेळतं. जाडं, बारकं, चष्मेवालं, धापा टाकणारं, सगळी. वर्गातल्या चांगल्या खेळाडूंना निवडून बाकीच्यांना झाडाखाली बसवायचं, ही इतर शाळांची रीत यांना मान्य नाही. तालुक्याच्या स्पर्धेतसुद्धा हे एखाद्या घाबरटाला हाताला धरून आत उतरवतात. त्यामुळे आमची शाळा बऱ्याचदा हरते. मोठ्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "घारे सर, कपाटात ठेवायला एक कप नाही हो आपल्याकडे."

"कपाट मोकळंय, पर मैदान भरलंय न्हवं का?" घारे सर म्हणाले.

मला असं एक वाक्य कधी सुचलेलं नाही. नोकरीभर मी त्रिकोणाचे गुणधर्म सांगतोय, आणि खिडकीबाहेरून यांची "पळ, पळ, पळ!" अशी आरोळी आली की सबंध वर्गाच्या माना तिकडे वळतात. पायथागोरस बिचारा फळ्यावर एकटा पडतो.

मध्यंतरी आम्ही लोणावळ्याला गेलो होतो. चिक्कीच्या दुकानात गल्ल्यावरचा तरुण मला पाहून धावतच बाहेर आला. वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलंत का? तुमचाच विद्यार्थी." माझी छाती फुगली. शेजारी मेधा, माझी बायको, उभी होती. तिच्यादेखत असं काही घडावं ही माझी फार दिवसांची इच्छा होती. तो म्हणाला, "सर, घारे सर कसे आहेत?" मग आत जाऊन चिक्कीचा मोठा पुडा घेऊन आला. "एवढा त्यांना द्या. सांगा, अजून पळतोय म्हणावं."

मी पुडा घेतला. रस्त्यात मेधा म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय का? घरी गेल्यावर ओवा देते."

ओव्याने जाणारं दुखणं नव्हतं ते.

तरीही हे सगळं मी पचवलं असतं. पण ऋचा, माझी मुलगी, त्याच शाळेत आठवीत आहे. ती लहानपणापासून बुजरी. स्नेहसंमेलनात झाड व्हायची, कारण झाडाला बोलावं लागत नाही. खेळाच्या तासाला डोकं दुखतंय म्हणून वर्गात बसायची आणि पुस्तक वाचायची. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट बरंच वाटायचं. पोरगी माझ्या वळणावर गेली, असं मी लोकांना सांगायचो.

एक दिवस घारे सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "तुमच्या पोरीचं डोकं दर तासाला दुखतं. माझ्याच तासाला. मला द्या तिला."

"द्या म्हणजे?"

"खेळायला. दुसरं काय?"

कसं जमवलं देव जाणे, पण ऋचा मैदानात उतरली. गुडघे फुटले, वेणी सुटली, आणि पोरगी बोलायला लागली. घरात इतकी वर्षं जी 'हो' आणि 'नको' यावर भागवायची, ती ताटावर बसली की थांबेना. आणि बोलायची कुणाबद्दल? घारे सर असं म्हणतात, घारे सर तसं म्हणतात. घारे सर म्हणतात म्हणून ती ताक प्यायला लागली. तेच ताक मी दहा वर्षं तिच्या पुढ्यात ठेवत होतो.

त्यात चाचणी परीक्षा झाली. ऋचाला गणितात कमी गुण पडले. गणितात! पेपर तपासणारा मीच, तरी मी तिला काही बोललो नव्हतो. तिने आपणहून येऊन सांगावं, अशी वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत घारे सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "गणितवाले, पोरीला रागवू नका. काल लय रडली माझ्याजवळ. बाबांना तोंड कसं दाखवू म्हणत होती."

म्हणजे माझ्या विषयात, माझ्या मुलीला पडलेल्या गुणांचं रडणं ती यांच्याकडे जाऊन रडली होती. त्या दिवशी डबा खाताना भाजीची चव मला लागली नाही.

आठवड्यावर लोणावळ्याची तालुका स्पर्धा होती. मी घरी जाहीर केलं की ऋचा जाणार नाही. अभ्यास मागे पडलाय. ऋचा उठून आत गेली. पुन्हा ती जुनी, गप्प ऋचा.

घारे सर भांडायला येतील, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ते आले, चेन वरखाली करत थोडे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी तुमची हाये. तुमी म्हणाल तसं." दारापर्यंत जाऊन वळले. "पर गणितवाले, तिला खेळताना तुमी कधी बघितलंच न्हाई. एकदा बघा. मंग घ्या काढून. तुमीबी चला लोणावळ्याला."

तयार उत्तरांतलं एकही याला लागू पडेना. मी ऋचाला घेऊन गेलो.

मैदानावर पोचताच घारे सरांनी मला पाण्याचा जार आणि पेल्यांवर नेमलं. आमच्या बऱ्याच मुलींचे आईबाप गावाकडून टेम्पो करून आले होते. आंबीच्या एक मावशी तर भाकरीचं गाठोडं घेऊनच आल्या होत्या. सामना सुरू झाला आणि मी ऋचाला पाहिलं. म्हणजे, ती ऋचा आहे हे पटायला जरा वेळ लागला. आमच्या घरात पडद्याआड उभी राहणारी मुलगी मोठमोठ्याने "खो!" ओरडत होती, सूर मारत होती, बाद केलं की शेजारणीच्या हातावर टाळी देत होती. मी पेले भरायचे विसरलो.

शेवटच्या डावात थोडाच वेळ उरला होता. एक गडी बाद केला की सामना बरोबरीत येणार होता. पळणारी मुलगी ऋचाच्या जवळ आली. ऋचाला धीर धरवला नाही. मागून खो मिळण्याआधीच ती उठली. पंचांनी फाउल दिला, त्या गोंधळात पळणारी दूर निसटली आणि शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

ऋचा जागेवरच उभी होती. मग रडत कडेकडे धावत सुटली. घारे सर रेषेवरच उभे होते. त्यांनी दोन्ही हात पसरले. ती त्यांच्याकडेच जाणार, हे मला इतकं पक्कं माहीत होतं की मी खाली बघून जारची तोटी बंद करायला लागलो. तेवढ्यात ती माझ्या पोटावर येऊन आदळली.

"बाबा, माझ्यामुळे हरलो."

मी तिला धरून ठेवलं. तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. मैदानभर तेच चाललं होतं. एक पोर आईच्या पदरात, एक बापाच्या खांद्याशी, एक मावशींच्या गाठोड्यापाशी. घारे सरांचे पसरलेले हात सावकाश खाली आले. मग ते एकटेच मैदानात गेले आणि मुलींच्या इकडेतिकडे पडलेल्या चपला गोळा करायला लागले.

परतताना टेम्पो भरून गेला, म्हणून आम्ही तिघं संध्याकाळच्या लोकलने निघालो. डबा निम्मा रिकामा होता. मळवली जायच्या आत ऋचा माझ्या खांद्यावर झोपली. घारे सर समोरच्या बाकावर. खिडकीबाहेर भाताची खाचरं सरत होती, पण त्यांचं लक्ष आमच्याकडे होतं.

"घरी बी अशीच झोपती का, खांद्यावर?"

"लहानपणी झोपायची. आता बऱ्याच दिवसांनी."

ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "जिंकल्यावर पोरं माझ्याकडं येत्यात. उचलून बी घेत्यात. पर हरल्यावर ज्याची त्याची माणसं असत्यात. बरोबरच हाये ते." मग हसले. "तुमचा लय हेवा वाटला आज, गणितवाले. बोलू नये, पर वाटला."

यांना कधीतरी माझा हेवा वाटावा, असं मी किती वेळा मनात आणलं होतं. आता वाटला होता, तर मला तो नुसता घेऊन बसता येईना.

"तीन दिवसांमागे," मी म्हणालो, "ऋचा आईला सांगत होती, घारे सर उन्हात उभे राहतात, टोपी घालत नाहीत. त्यांना कुणी सांगत कसं नाही?"

त्यांनी मान वर केली. "मला न्हाई कधी बोलली."

"तुम्हाला कशी बोलेल? घरी बोलते. दिवाळीचा पहिला फराळ आंबीला पोचवायचा, असं तिने आत्तापासून ठरवलंय. तुम्हाला चकली आवडते की शेव, यावरून तिचं आणि मेधाचं भांडण झालंय."

घारे सरांनी ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. कामशेत आलं, माणसं चढली-उतरली, गाडी सुटली.

"शेव," ते म्हणाले. मग, ऋचा जागी होऊ नये इतक्या हळू, "आणिक काय म्हणती?"

मी सांगत राहिलो. तळेगाव यायला अजून वेळ होता.