खांबेटेसानांचा बुडबुडा

खांबेटेसान पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी बूट काढले, पाणी नको म्हणाले, आणि शर्टाच्या खिशातून पाणसळ काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली.

पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती. काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की जागा सपाट. गवंड्याची हातभर लांब असते, खांबेटेसानांची बोटभर होती. लोक खिशाला पेन लावतात, हे पाणसळ लावायचे.

"वहिनी, टेबल खिडकीकडे उतरतंय," त्यांनी निदान केलं. दुसऱ्या खिशातून पुठ्ठ्याची घडी निघाली. ते गुडघ्यावर बसले, घडी टेबलाच्या पायाखाली सारली, मग एका खुर्चीच्या पायाखालीही सारली, पुन्हा बुडबुडा पाहिला आणि बायकोला म्हणाले, "बस आता."

वसुधाताई बसल्या. मी आमटी वाढली. आमटीसुद्धा त्या दिवशी वाटीत सरळ उभी राहिली.

हे जोडपं आमच्याच इमारतीत, एक मजला वर राहतं. खांबेटे एका व्यापारी कंपनीतर्फे तीन वर्षांसाठी जपानला आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. निशी-कसाई या आमच्या भागातल्या मराठी लोकांत ते सगळ्यांत जुने. त्यांना काका म्हणावं तर ते फार ताठ, साहेब म्हणावं तर पुठ्ठे घेऊन जमिनीवर बसतात. म्हणून मराठी बोलतानाही सगळे जपानी पद्धतीने 'सान' लावून त्यांना खांबेटेसानच म्हणतात.

पाणसळीच्या तावडीतून काही सुटायचं नाही. स्टेशनवरचं बाकडं, डोशाच्या हॉटेलातलं टेबल, दाताच्या डॉक्टरांची खुर्ची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांनी आरती थांबवली होती. निरांजन पेटलेलं, तबक माझ्या हातात, टाळ उचललेले, आणि हे चौरंगाखाली वाकून म्हणतात, "दोन मिनिटं. बाप्पा उजवीकडे कललेत." मंडळातल्या लेलेवहिनी म्हणाल्या, "अहो, त्यांची सोंडच तिकडे आहे." खांबेटेसानांनी वर न बघता उत्तर दिलं, "डोळा फसतो, माणूस फसवतो, बुडबुडा खरं सांगतो." हे त्यांचं ब्रीदवाक्य. दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचं.

वसुधाताई त्यांच्या उलट. बोलायला गोड, हसायला तयार, फक्त एक खोड. आमच्याकडे आल्या की दारापासून खुर्चीपर्यंत भिंतीवरून बोटं फिरवत यायच्या. मला वाटायचं, धूळ बघतात. त्या येणार म्हटलं की मी आधी तेवढी भिंत पुसून घ्यायची. माझा नवरा मिलिंद म्हणायचा, "बाकीचं घरही पूस की." मी म्हणायची, "त्या तिकडे हात लावत नाहीत."

तर असे हे खांबेटेसान गेल्या वर्षी पिकअप ट्रक घेऊन आले. अमेरिकन, डावीकडे स्टिअरिंग, आमच्या गल्लीत वळताना चारी बाजूंची माणसं मागे सरकतील एवढा. पाठोपाठ शेजारच्या चिबा प्रांतातल्या एका कांद्याच्या शेताकडेला त्यांनी भाड्याने जागा घेतली आणि तिथे जुनं चाकांवरचं घर आणून उभं केलं. पलंग, ओटा, मोरी, सगळं असलेला ट्रेलर. तो ओढण्यासाठी इथे वेगळं लायसन्स लागतं. रिव्हर्समध्ये दोनदा नापास होऊन साठाव्या वर्षी त्यांनी तेही काढलं.

हे सगळं कशासाठी, तर ओसाकाला जायचं म्हणून. त्यांची मुलगी तिथे असते. थंडीत तिला मुलगा झाला होता आणि वसुधाताईंनी नातवाला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनी ट्रेलर घेऊन जायचं, असा बेत.

"शिंकानसेन बुलेट ट्रेननं अडीच तासांत पोचाल," मिलिंद म्हणाला.

"शिंकानसेनमध्ये पलंग नसतो."

"अडीच तासांत पलंग कशाला?"

"तुम्ही तरुण आहात," खांबेटेसान म्हणाले आणि विषय संपला. मिलिंद बावन्न वर्षांचा आहे. तो खूश झाला.

अडचण निघाली ती उंचीची. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला बांधतात. हा तसा नव्हता. हा ट्रकच्या हौद्यावर मान टाकतो. हौद्याच्या मधोमध एक लोखंडी जोड बसवलेला असतो, त्यात ट्रेलरच्या हनुवटीखालचा खुंट अडकतो. आता ट्रेलर जुना, बुटक्या ट्रकांच्या काळातला. ट्रक नवा, हौदा उंच. हौदा उंच म्हणजे ट्रेलरचं नाक वर आणि शेपूट खाली. जोड खाली घ्यावा तर ट्रेलरची हनुवटी हौद्याच्या कडेला टेकणार, आणि पहिल्याच चढावर पत्रा फाटणार. दोन्हींच्या मधे वीतभर मोकळी जागा राहायलाच हवी. जोडाला उंची बदलायला भोकं होती. कुठलं भोक, एवढाच प्रश्न.

पण ट्रेलरने मान टाकली की ट्रकही खाली बसतो. किती बसतो? ते कळायला हौद्यात तेवढंच वजन ठेवून मोजायला हवं, साडेचारशे किलो.

"तांदळाची पोती आणा," मी सुचवलं.

"आणायची कोणी, परत न्यायची कोणी? वहिनी, माणसं चांगली. ती स्वतः चढतात, स्वतः उतरतात."

म्हणून एका रविवारी मंडळाची सहल चिबाच्या कांद्याच्या शेतात गेली. मी पोहे केले होते. माझ्या मुलीने एकंदर रागरंग पाहिला, "हाझुकाशी" म्हणाली, म्हणजे लाज वाटते, आणि गाडीत जाऊन बसली. खांबेटेसान हौद्यापाशी उभे राहून एकेकाला वजन विचारत होते, बोर्डिंग पास तपासावा तसं.

"लेलेवहिनी?"

"अठ्ठावन्न."

लेले आकाशाकडे बघायला लागले.

"मिलिंद?"

"पंचाहत्तर. सत्तर-पंचाहत्तर."

"वहिनी?"

"त्रेसष्ट," मी म्हणाले. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पोहे खाल्ले.

शेवटी थोडं वजन कमी पडलं, तेव्हा जागेचे मालक ओगावासान कुंपणापाशी उभे होते, त्यांना विचारलं. त्या म्हाताऱ्यांनी आपलं वजन दशांशासकट सांगितलं आणि तेही चढले. मत्सुरी आहे का, असं त्यांनी विचारलं, म्हणजे जत्रा आहे का. मी हो म्हणून टाकलं. त्यांनी वाकून नमस्कार केला. इथे नमस्काराला नमस्कार नाही केला तर पाप लागतं, म्हणून हौद्यातले आम्ही सगळे वाकलो, आणि ट्रक झोके खायला लागला.

"कोणी वाकू नका," खालून चाकाशेजारून आवाज आला. "श्वास घ्या, पण सावकाश."

माप घेतलं. हिशोब झाला. भोक ठरलं, जोड बसला, आणि पुढच्या आठवड्यात ट्रेलरने हौद्यावर मान टाकली. खांबेटेसान आत गेले, पलंगावर पाणसळ ठेवली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"नाक वर आहे," आल्यावर म्हणाले.

मिलिंद मेकॅनिकल इंजिनियर आहे. आत जाऊन बघून आला. "अहो, किंचित आहे. रस्त्यावर एवढं चालतं. आणि मुक्कामाला पोचलात की ट्रेलर सोडून जॅक लावायचे, पंधरा मिनिटांत सपाट. सगळे तेच करतात."

"पंधरा मिनिटं चालत नाहीत."

"मग एक भोक खाली घ्या."

"हिशोबाने हेच भोक बरोबर आहे. तरी नाक वर. म्हणजे ट्रेलरच्या खाली काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मी हिला घेऊन रस्त्यावर जाणार नाही."

त्यांनी ट्रेलरखाली सतरंजी टाकली. स्प्रिंगा तपासल्या, चाकं काढून लावली, जमीन मोजली. बिघाड सापडेना. सुट्टी तोंडावर आली. लिफ्टमध्ये भेटले की पूर्वी लिफ्टच्या जमिनीवर पाणसळ ठेवायचे, आता नुसते उभे राहायचे. ब्रीदवाक्यही ऐकू येईना.

एका संध्याकाळी मी चकल्या द्यायला वर गेले. वसुधाताई जमिनीवर गादी घालून डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं, डोकं दुखत असेल. खांबेटेसान टेबलाशी बसले होते.

"ओसाकाचं या सुट्टीत जमणार नाही," ते मला म्हणाले. "हिला आत्ताच सांगितलं."

"तो पालथा पडायला लागलाय," वसुधाताई डोळे न उघडता म्हणाल्या. "पुढच्या सुट्टीपर्यंत पळायला लागेल." मग थोड्या वेळाने, "अहो, ती वजनं तुम्ही कशी धरलीत?"

"कशी म्हणजे? विचारली."

"कोणाला?"

"ज्याची त्याला."

गादीवरून हसू ऐकू आलं. डोळे मिटलेलेच, पण त्या पोट धरून हसत होत्या. "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली. माझं वजन किती, सांगा बघू."

"बावन्न."

"बघा," वसुधाताई म्हणाल्या.

खांबेटेसानांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चकलीच्या डब्याचं झाकण नीट लावत होते.

"वहिनी," ते अगदी अदबीने म्हणाले, "आपण त्रेसष्ट म्हणाला होतात."

"पोहे खाण्याआधी."

"आणि खरं?"

मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला. एका बाईच्या वजनाचा एवढा आनंद झालेला पुरुष मी आयुष्यात पाहिलेला नाही. ते तसेच घराबाहेर पडले आणि मंडळाच्या दारोदार फिरले. लेलेवहिनींनी आधी नवऱ्याला आत पाठवलं आणि मग खरं सांगितलं. मिलिंदने तर इतकं लपवलं होतं की मी दोन दिवस त्याचा भात बंद केला. मंडळाने मिळून एक सबंध माणूस हौद्यात लपवला होता. त्याच्या भाराने ट्रक वाजवीपेक्षा जास्त खाली बसला, म्हणून खांबेटेसानांनी जोड वर घेतला, म्हणून नाक वर. ट्रेलर बिचारा धडधाकट होता.

जोड एक भोक खाली आला. हनुवटी आणि कड यांच्या मधे खांबेटेसानांनी आपली वीत घातली. बसली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाड्याच्या छोट्या गाडीतून मलाही चिबाला नेलं. "तुम्ही बरोबर असलात तर ती बोलत बसेल," म्हणाले. वसुधाताई पुढच्या सीटवर, मी मागे. त्या लांबवर, रस्त्याच्या टोकाकडे एकटक बघत होत्या. अर्ध्या वाटेत त्यांचा हात दाराच्या कडीवर घट्ट झाला आणि खांबेटेसानांनी गाडी एका कोनबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, आवारात घेतली. काही न विचारता त्यांनी सीट मागे पाडली. सीट सपाट होईना. वसुधाताई घामाने भिजल्या होत्या. खांबेटेसान आपला तळवा त्यांच्या मानेखाली धरून तसेच वाकून उभे राहिले.

"दोन वर्षं झाली," ते मला हळू आवाजात म्हणाले. "कानाचा आजार आहे. कधीही येतो. सगळं गरगर फिरतं. जिथे असेल तिथे लगेच आडवं व्हायला लागतं, तेही सपाट. जरा उतार असला तर हिला वाटतं, खाली चाललेय. कोणाला सांगू नका म्हणते. लोक येऊन बघून जातात, ते तिला नको."

मला पुसलेली भिंत आठवली. ती बोटं, आणि धूळ.

चिबाला पोचलो. ट्रेलर ट्रकच्या हौद्यावर मान टाकून उभा होता, जॅक वर, निघायच्या तयारीत, म्हणजे वाटेत थांबल्याबरोबर असेल तसा. खांबेटेसानांनी वसुधाताईंना दोन पायऱ्या चढवल्या. त्या भिंत धरून पलंगापर्यंत गेल्या आणि आडव्या झाल्या. पलंगावर घरचीच चादर होती, घरचीच उशी. त्यांनी पलंगाची कड मुठीत धरली होती.

मी उगाच काहीतरी करायचं म्हणून ओट्यावर ठेवलेली पाणसळ उचलली आणि त्यांच्या पायापाशी ठेवली. बुडबुडा हलला, डुलला आणि मधोमध थांबला.

"खांबेटेसान," मी म्हणाले, "बघा."

त्यांनी पाहिलं नाही. ते वसुधाताईंच्या हाताकडे बघत होते. कडेवरचं एक बोट सुटलं, मग दुसरं. मग तो हात उलटा होऊन चादरीवर पडला, झोपेत पडतो तसा.

"थांबलंय," वसुधाताई म्हणाल्या.

खांबेटेसान पायरीवर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. बुडबुडा कुठे आहे हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.