तीनशे बारा नंबरचा पाठलाग

"या वेळी साडूच्या आधी पोचलो नाही, तर दुकानाची पाटी उतरवून ठेवीन!" थोरल्या जावयांनी जाहीर केलं.

जाहीर केलं म्हणजे आरशासमोर. दुकान चष्म्याचं, त्यामुळे आरसे भरपूर. एका वाक्याला सोळा थोरले जावई एकदम मान डोलवायचे. एवढा पाठिंबा मिळाल्यावर कुणाचाही आत्मविश्वास वाढेल!

दुखणं जुनं होतं. सासऱ्यांच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट आहे. त्यात वरच्या खणात गेल्या वर्षापासून धाकट्या जावयाचं पदक टांगलेलं. दोन किलोमीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि वर एकवीस किलोमीटर धावणं, हे सगळं एका दमात, एका दिवसात केल्याबद्दल मिळालेलं. त्याच कपाटात थोरल्या जावयांचीही एक वस्तू होती. त्यांनी सासूबाईंना दिलेली चष्म्याची डबी. खालच्या खणात. तिच्यात सासूबाई सुया ठेवायच्या.

धाकटा जावई दातांचा डॉक्टर. उंच, हसरा, आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे, स्वभावाने चांगला! वाईट असता तर थोरल्यांना निदान झोप तरी लागली असती. पण हा माणूस भेटला की वाकून "दादा, कसे आहात?" विचारणार, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकणार. अशा माणसाचा राग करायचा तरी कशाच्या जोरावर? थोरल्यांनी तरी तो नेटाने केला. आठ महिने पहाटे उठून पोहले, सायकल मारली, धावले. गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं की हे काउंटरमागे उठाबशा काढत अक्षरं विचारायचे. "खालची ओळ... हुश्श... वाचा!"

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या स्पर्धकांना सूचना सांगायला बोलावलं होतं. तासभर एक बाई बोलत होत्या. थोरल्यांनी त्यातलं अक्षरही ऐकलं नाही. ते मोजत होते. धाकट्याला किती जणांनी हात केला? एकोणीस. आपल्याला? एक. तोही मागच्या माणसाला होता.

स्पर्धेची सकाळ उजाडली तीच आभाळ फाटल्यासारखी! वारा असा की तळ्याकाठचा तंबू चार माणसं धरून उभी. बायका म्हणाल्या, आम्ही बाबांकडे बसून फोनवर तुमचे नंबर बघतो, शेवटी येऊ. दोघे साडू तेवढे कुडकुडत आले. नावं एकदमच नोंदवलेली. धाकट्याचा नंबर तीनशे बारा, थोरल्यांचा तीनशे तेरा. घोट्याला बांधायला प्रत्येकाला एकेक पट्टा मिळाला.

आणि इथे थोरल्यांच्या पोटात दुखायला लागलं. धाकट्याचा पट्टा कोरा करकरीत, मऊ, निळाशार! आपला? विटलेला, कडा उसवलेल्या, चिकटपट्टी अशी की श्वास सोडला तरी सुटावी!

"बघा! पट्ट्यातसुद्धा वशिला!" ते पुटपुटले.

तेवढ्यात शेजारच्या एका आजोबांच्या सायकलीत हवा कमी निघाली. अर्थातच धाकटा धावला. पट्टा पिशवीवर ठेवून! थोरल्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पट्टा तो पट्टा, त्यात काय एवढं, असं स्वतःला समजावलं आणि अदलाबदल केली. निळा पट्टा घोट्याला बसला तेव्हा त्यांना आठ महिन्यांत पहिल्यांदा गार वाटलं. तो उसवलेला पट्टा धाकट्याने काही न बघता बांधला. वर म्हणाला, "दादा, जपून हं. लाटा आहेत."

शिट्टी झाली. चारशे माणसं पाण्यात कोसळली. लाटा थोबाडीत मारत होत्या. मध्येच डावीकडून कुणी ओरडलं, "अहो धरा, धरा! पाय आखडला त्यांचा!" थोरल्यांच्या मनात आलं, चला, एक कमी झाला. मग दुसरा कुणी तिकडे वळलेला दिसला. दोन कमी! ते जोमाने पुढे निघाले.

काठावर आले, जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवर पाय पडला, आणि तंबूतून भोंगा गरजला, "तीनशे बारा! तीनशे बारा पाण्याबाहेर! शाब्बास!"

थोरले थबकले. म्हणजे धाकटा आत्ताच, अगदी आत्ताच पुढे गेला! त्यांनी चष्मा चढवला. काचांवरून पाणी वाहत होतं, पलीकडे सगळ्या जगाची खीर. त्यात दहा-बारा रेनकोट पळताना दिसले. यातलाच एक! त्यांनी रेनकोट अंगात कोंबला आणि सायकलीवर उडी टाकली.

वाचकहो, पुढचे नव्वद किलोमीटर कसे गेले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. समोरून वारा असा की पाय फिरायचे आणि झाडं जागची हलायची नाहीत. पण दर वीस किलोमीटरवर एक पट्टी, एक तंबू, एक भोंगा. थोरले दात-ओठ खात पट्टीवरून गेले रे गेले, की भोंगा म्हणणार, "तीनशे बारा! काय वेग आहे!"

"आणि तीनशे तेरा?" एका तंबूपाशी त्यांनी न राहवून ओरडून विचारलं.

"कोण तेरा?" आतून आवाज आला. तंबूतल्या माणसाने पावसात डोकंही बाहेर काढलं नाही.

कोण तेरा! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याचं नाव सगळीकडे, आणि आपण जन्मालाच आलो नाही! त्यांनी पाय असे मारले की साखळीने किंकाळी फोडली. एकेक रेनकोट गाठायचा, मान वाकडी करून त्याचं तोंड बघायचं, "तुम्ही नाही!" म्हणून पुढे जायचं. एकवीस जणांना त्यांनी असं मागे टाकलं. त्यातल्या दोघांनी उगाचच माफी मागितली. एक तर स्पर्धकच नव्हता, बिचारा पाव घेऊन घरी चालला होता.

धावताना तर चिखलाने एक बूट ठेवूनच घेतला. थोरले मागे वळले नाहीत. "तीनशे बारा! शेवटचे पाच किलोमीटर!" भोंगा ओरडला. एवढ्या जवळ असून दिसत कसा नाही हा माणूस? आठ महिने सासऱ्यांचं कपाट डोळ्यांपुढे ठेवून जो माणूस पळाला, तो आता एका बुटावर, धाकट्याची अदृश्य पाठ डोळ्यांपुढे ठेवून पळत होता.

शेवटची कमान दिसली. छत्र्यांखाली सासरे, सासूबाई, दोघी लेकी. सासऱ्यांच्या हातात गुच्छ! थोरले कमानीखालून धडपडत गेले.

"तीनशे बाराऽऽ!" भोंग्याचा गळा दाटून आला.

"आला, आला! कुठाय?" सासरे टाचा उंचावून थोरल्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. "जावईबापू, तुम्ही जरा बाजूला व्हा बरं. धाकटे येतायत."

"बाबा, मी..."

"हो, कळलं आम्हाला फोनवर. सकाळी पाण्यातूनच परत आलात. असू दे, वय झालं. पण मध्ये उभे राहू नका."

"अहो, दिवसभर कुठे होतात?" बायको कडाडली. "फोन तर करायचात! आणि हा चिखल कुठे खेळलात?"

तेवढ्यात मागच्या तंबूतून ब्लँकेट पांघरून, हातात कॉफीचा पेला घेऊन, कोरडा ठणठणीत धाकटा जावई बाहेर आला.

"दादा! केलंत तुम्ही! एका बुटावर!"

सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे. "तुम्ही इथे? मग तीनशे बारा कोण पळतंय?"

धाकटा ओशाळून हसला. पाण्यात त्या आजोबांचा पाय आखडला, त्यांना धरून ठेवलं, बोट आली. बोटीला हात लावला की स्पर्धा संपली. काठावर त्यांनी पट्टा काढून घेतला, फोन पिशवीत, पिशवी इकडच्या गाडीत, म्हणून कळवता आलं नाही. इतकंच.

कालच्या सूचना सांगणाऱ्या बाई लॅपटॉप छत्रीत सांभाळत आल्या. थोरल्यांच्या घोट्याकडे वाकून पाहिलं. "तीनशे तेरा सकाळीच बाद आहेत. यांच्या पायात तीनशे बाराचा पट्टा! वेळ मोजायचं यंत्र पट्ट्यातच असतं, काल तासभर तेच सांगत होते मी. हे पट्टे बदलले कुणी?"

थोरल्यांच्या डोळ्यांपुढून काचेचं कपाट सावकाश लांब जाऊ लागलं, डबीसकट.

"माझीच चूक," धाकटा म्हणाला. "सकाळच्या गडबडीत मीच उचलला असणार दुसरा. दादांचं नाव लावा, मॅडम."

आणि त्याने थोरल्यांकडे बघितलं. क्षणभरच. त्या नजरेत सगळं होतं. पिशवी, निळा पट्टा, इकडे तिकडे बघणं, सगळं! थोरल्यांना त्या पावसात घाम फुटला.

"खरं म्हणजे..." त्यांनी धीर केला.

"राहू द्या!" सासऱ्यांनी हात वर केला. डोळे पाणावले होते. "धाकट्यांना आणखी लाजवू नका. एका माणसाचा जीव वाचवला, वर चूक कबूल केली! काय मन आहे!" आणि गुच्छ धाकट्याच्या हातात गेला.

पदक मात्र थोरल्यांना मिळालं, रीतसर. वरच्या खणात टांगलंही गेलं. पाहुणे आले की सासरे कपाटाशी नेतात. "हे आमच्या थोरल्यांचं. पण हे मिळालं कसं, ते ऐका. आमचे धाकटे जावई म्हणजे..." आणि पुढची पंधरा मिनिटं पाहुणे पदकाकडे बघत धाकट्याची गोष्ट ऐकतात. थोरले कॉफी देतात.

दुकानाची पाटी अजून जागेवर आहे. थोरल्यांनी आता पोहणं, सायकल, धावणं सगळं सोडलंय. या वर्षी मनाच्या मोठेपणात साडूला हरवायचं ठरलंय. रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी आरशांसमोर उभं राहून दहा वेळा म्हणायचं, "चूक माझीच होती."

सराव बरा चाललाय. तिसऱ्या वेळेपर्यंत पोचतात. चौथ्याला सोळाच्या सोळा थोरले जावई मान फिरवतात.