दगाजी आप्पांचं उजेडाचं टेबल

दगाजी आप्पांच्या हातात काहीही द्या, ते आधी उजेडात धरणार. लग्नपत्रिका असो, केळीचं पान असो, पंगतीत वाढलेला पापड असो. शेजारच्या नव्या जावयाचा रुमालसुद्धा त्यांनी एकदा असाच उन्हात धरून पाहिला होता. माझी इंटरची गुणपत्रिका मी मोठ्या उमेदीनं त्यांना दाखवायला नेली. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. गुण वाचून दाखवावेत असं घरी कोणी नव्हतं. आप्पांनी ती दाराशी नेली, सूर्याकडे धरली, डोळे बारीक केले आणि परत दिली.

"कागद चांगला शे," म्हणाले.

गुणांबद्दल एक अक्षर नाही.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. आप्पांनी तीस वर्षं मोजणी खात्यात ट्रेसरचं काम केलं. काचेचं टेबल, खाली कंदील, काचेवर शेताचा जुना नकाशा, नकाशावर आरपार दिसणारं कापड, आणि खालची रेघ जशीच्या तशी वर उतरवायची. "केसभर रेघ हालनी ना, तं दोन भाऊ कोर्टमा जातस," असं ते सांगत. निवृत्त होऊन तापीकाठच्या आमच्या गावी परतले ते एकटेच. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं.

गावात तेव्हा बालवाडी नवीनच निघाली होती, तीही आप्पांच्या ओसरीवर. सुमनबाई वीस-पंचवीस पोरांना रांगेत बसवून गाणी म्हणून घ्यायच्या. आप्पांनी चार दिवस ती गाणी ऐकली आणि पाचव्या दिवशी सुताराकडून गुडघाभर उंचीचं टेबल करून आणलं. वर खिडकीची जुनी काच, वाळूनं घासून दुधाळ केलेली. खाली न्हाव्याकडचा टाकून दिलेला आरसा, दारातलं ऊन वर फेकेल असा तिरपा ठेवलेला. काच उजळली आणि पोरं गाणं अर्धं टाकून धावली.

काचेवर मांडायला आप्पा कांद्याची सालं आणत, पतंगाचे कागद, बांगड्या, पिंपळाची जाळीदार पानं, कच्चे पापडही. पिवळा कागद निळ्यावर सरकवला की हिरवा होई आणि पोरं किंचाळत. ऊन सरकलं की आप्पा जमिनीवर पालथे पडून आरसा फिरवत.

"थांबा रे पोरेसहो, सूर्य सरकी ऱ्हायना!" जणू काही सूर्यच कामचुकार!

शेजारच्या केशरकाकूंचा नातू त्या टेबलाला सगळ्यात जास्त चिकटलेला. त्या एके दिवशी कमरेवर हात ठेवून ओसरीत उभ्या राहिल्या. "आप्पा, पोरेसना डोया जातीन!"

"तीस वरीस काचवर काम करं. मन्हा गयात का?"

"तुमी तं आते बी म्हैसले बैल म्हनतस!"

आप्पांनी नुसता आरसा फिरवला.

टेबलाचा नियम एकच होता: गिरवायचं नाही. सुमनबाईंनी एकदा काचेवर बदकाचं चित्र ठेवून वर पातळ कागद दिला. आप्पांनी बदक उचललं, घडी घातली आणि खिशात टाकलं.

"अहो आप्पा, तुम्ही जन्मभर हेच केलंत ना?" बाई म्हणाल्या.

"तेच तं."

मग एक दिवस तळोद्याहून जीपनं तपासणीसबाई आल्या. मी सुटीत घरी होतो. "तू शुद्ध बोलस," म्हणत आप्पांनी मला आपल्या बाजूनं उभं केलं. मी दोन पानी निवेदन लिहून ठेवलं होतं. एक वाक्य वाचलं तोच बाई म्हणाल्या, "हे आमच्याच परिपत्रकातलं आहे." खरंच होतं. मी कागद मिटला.

"सामानाच्या यादीत असलं टेबल नाही," त्या म्हणाल्या. "काढावं लागेल."

आप्पांचा चेहरा उतरला. पण बाई काही कठोर नव्हत्या. त्या थांबून पाहू लागल्या. टेबलाशी गोमी उभी होती, केळीच्या मळ्यातल्या भिल्ल सालदाराची चार वर्षांची मुलगी. ती दिवसभर बोलायची, पण सगळं भिलीत. सुमनबाईंना एक शब्द कळत नसे. इतर वेळी पोरं तिला हसत. टेबलाशी मात्र तीच हुकूम सोडी आणि तो सगळ्यांना कळे.

बाई विरघळल्या. "असं करा. यावर पोरांकडून अक्षरं गिरवून घ्या. उपयोग दिसला की मी यादीत घालते."

सुमनबाईंचा जीव भांड्यात पडला. माझाही. त्यांनी लगेच काचेवर 'अ' ठेवला. आप्पांनी तो उचलला.

"टेबल लई जा, बाई. पन गिरवनं नको."

"मग काय काढायचं पोरांनी?" तपासणीसबाई चिडल्या. त्यांनी कोरा कागद काचेवर ठेवला आणि पेन्सिल पुढे केली. "तुम्हीच दाखवा ना काढून. काहीही काढा."

आप्पा ऐटीत बसले. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं. हजारो शेतांच्या बांधांवरून न चुकता फिरलेला तो हात जागचा हलेना. कागदाखाली नुसता उजेड होता.



"माले येत नही," आप्पा हळूच म्हणाले. "खाले कोनी तरी रेघ काढेल लागस. माले मन्ही रेघच नही, बाई."

नातवाला घरी न्यायला आलेल्या केशरकाकू दारात उभ्या होत्या. त्यांचे कमरेवरचे हात खाली आले.

गोमीला या कशाचंच काही पडलेलं नव्हतं. तिनं आप्पांचा हात पेन्सिलीसकट धरला आणि ढकलला. रेघ वाकडीतिकडी धावली, गोल फिरली, कागद संपला तरी थांबली नाही, काचेवर उतरली. गोमी सारखी काहीतरी समजावून सांगत होती, रागावून, शिक्षकासारखी.

"काय म्हणतेय ती?" तपासणीसबाईंनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. आप्पा मात्र दर वाक्याला मान हलवत होते.

बाईंनी फाइल उघडली आणि यादीच्या शेवटी लिहिलं, 'काचेचं टेबल, एक'. उपयोगाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. मी आप्पांकडे पाहत होतो. त्यांनी दुसरा कोरा कागद काचेवर अंथरला, पेन्सिल हातात घेतली आणि गोमीचा चिमुकला हात उचलून आपल्या हातावर ठेवला.

"चाल," ते म्हणाले.